आकडा कमी आला की

"टाळ्या," ढमी म्हणाली.

सिस्टरनं विचारलं होतं ते अगदी साधं. घरी शुगर तपासता ना, मग आकडा कमी आला की काय होतं गं तुमच्याकडे? आणि सात वर्षांची ढमी, डाव्या हाताला सलाईन, तो हात उशीवर ठेवलेला, उजळ चेहऱ्यानं म्हणाली, टाळ्या. सगळे वाजवतात. आजी, आई, बाबा. बाबा तर शिट्टीपण मारतात. पलंगाच्या पायथ्याशी तिची आई उभी होती. हातात थर्मासचं झाकण, झाकणात कोमट पाणी. लेकीला द्यायचं म्हणून तिनं ते ओतलं होतं, आणि आता द्यायचं, प्यायचं की खाली ठेवायचं हेच तिला सुचेना. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं तिचं झालं. अशा वेळी माणूस पडत नाही, पण आतून दचकतो. घोडं इथं पेंड खात होतं तर! गेले काही दिवस पोरीची शुगर सारखी खाली जात होती. डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस उतरवला, पुन्हा उतरवला, आणि तरी काल भर वर्गात पोर कोसळली. आज सकाळच्या फेरीला डॉक्टर कपाळ चोळत म्हणाले, गणित जुळत नाहीये, सिस्टर तुम्ही जरा बोलून बघा तिच्याशी. आणि सिस्टर बोलल्या. म्हणजे बोलल्या कमीच. दुपारची कामं आटपून त्या एक ठेंगणं स्टूल ओढून पलंगाशी बसल्या, ढमीपेक्षा त्यांचं डोकं खाली येईल एवढं ठेंगणं, आणि त्यांच्या छातीवर उलटं लटकवलेलं घड्याळ ढमीला वाचू दिलं. घड्याळ उलटं का, तर सिस्टरना मान वाकवून बघता यावं म्हणून. त्यावर बरंच हसणं झालं. मग हळूच तो प्रश्न.

टाळ्या. ऐकल्याबरोबर आईला आपलं घर दिसलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि आपण खिडकीतून डोकावतोय. जेवणाचं टेबल, त्यावरचं चिरा पडलेलं प्लॅस्टिक, त्यावर ते काडेपेटीएवढं मशीन. ढमीचं बोट पुढे. सासूबाई पोळ्यांचे हात तसेच वर धरून उभ्या, नवरा बेकरीतून भट्टीचा वास घेऊन आलेला, बूटसुद्धा न काढता खांद्यावरून बघतोय. सगळ्यांचा श्वास अडकलेला. आणि आकडा कमी आला, की काय तो जल्लोष! पहिल्यांदा टाळी वाजवली ती तिनंच. दुसरं कुणी नाही, तिनंच. आजार नवा होता, घरावर अवकळा पसरली होती, हसणं म्हणून कुणाच्या तोंडावर दिसत नव्हतं. अशात एका सकाळी आकडा चांगला आला आणि तिचे हात आपोआप एकमेकांवर आपटले. पोर खुद्कन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग काय, सगळ्यांनीच सुरू केलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं आपण लोकांच्या बाबतीत म्हणतो आणि मान हलवतो.

आणि मोठा आकडा आला की? सिस्टरनं तेही विचारलं, त्याच आवाजात, जसं काही आवडता रंग कोणता विचारावं.

"मग आजी 'हं' करते," ढमी म्हणाली. "असं लांब. हंऽऽ. आणि बाबा गॅलरीत जातात."

"आणि आई?"

ढमीनं आईकडे बघितलं. चुगली करताना बघतात तसं. "आई काही नाही म्हणत. आई चांगली आहे. आई फक्त ओटा पुसते."

आईनं झाकणातलं पाणी पिऊन टाकलं. ओटा पुसते! खरंच पुसत होती की काय? तिला आठवेना. म्हणजे हाताला फडक्याचा ओला, आंबूस स्पर्श आठवत होता, पण तो रोजचाच. हे पोर टेबलाशी बसून घरातल्या एकेका माणसाचं तोंड वाचत होतं, आणि मोठी माणसं समजत होती की आपण तिच्यापासून सगळं कसं छान झाकलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ झाकणारे सहा हात आणि बघणारे दोन डोळे, कुठवर झाकणार? मोठा आजार घरात आला तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, पोरीसमोर रडायचं नाही. आणि कुणी रडलं नाही. नवरा तर बेकरीत, पिठाच्या पोत्यांमागे जाऊन रडून यायचा आणि पीठ लागलेल्या बाहीनं डोळे पुसून आणखीनच भूत होऊन यायचा. त्याला बघून ढमी खदखदून हसायची. तेव्हा वाटायचं, जिंकलो.

तिला ढमी म्हणायचे ते बाळपणी ती ढोलासारखी गुबगुबीत होती म्हणून. गाल असे की कानांना जागा नाही. गेल्या थंडीत ते गाल गेले. पाणी मागायची, सारखं पाणी, घटाघटा प्यायची आणि पुन्हा मागायची. अंथरूण ओलं करायला लागली. आजी म्हणाली, उंच होतेय, वाळणारच. मग एक दिवस पोर उठेचना, आणि याच वॉर्डात, दाराजवळच्या पलंगावर, डॉक्टरांनी सांगितलं की हा लहान मुलांचा मधुमेह आहे. शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबलंय, ते आता बाहेरून द्यावं लागेल. कायम. तेव्हाही याच सिस्टर होत्या. त्यांनी एक संत्रं आणलं होतं आणि दोघा नवराबायकोला त्या संत्र्याला सुई टोचायला शिकवलं होतं. नवऱ्याचे ते हात, तापलेले ट्रे उचलणारे, चटक्यांनी कातडं जाड झालेले, त्या संत्र्यासमोर येऊन अडत होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, घाबरू नका, संत्रं तक्रार करणार नाही. तो हसला आणि मग रडला आणि मग टोचली सुई. जाताना त्यांनी सांगितलं होतं, घरी गेलात की पोरीला सांगा हं, तिला कळेल अशा भाषेत. तिचं शरीर आहे, तिला माहीत हवं. दोघांनी माना डोलवल्या. हो हो, सांगतो ना. माना डोलवायला काय जातंय?

सांगायची वेळ आली ती घरी पहिलं इंजेक्शन देताना. ढमीनं पोटाची कातडी स्वतःच चिमटीत धरली, डोळे गच्च मिटले, आणि विचारलं, "आई, हे किती दिवस?" आणि तिची जीभ म्हणाली, "थोडे दिवस गं राजा. शुगर खाली आली, तू बरी झालीस, की झालं." जीभच म्हणाली. तिला ड्यूटी सुटल्याचं कळलंच नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या तक्रारखोलीत बसून, कानाला हेडफोनचा काळा पट्टा लावून, दिवसभर तिची जीभ हेच करत आलेली. पाणी कधी येणार? काम चालू आहे साहेब, थोड्या वेळात येईल. आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत हो. समजू शकते ताई, थोड्या वेळात. हे खोटं नव्हे. खरंही नव्हे. मधलं काहीतरी, धड गरम ना धड थंड. बोलून बोलून माणसाला शांत करण्यात तिचा हात धरणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. शिव्या देत आलेला माणूस थँक्यू म्हणून फोन ठेवायचा, आणि पाणी? पाणी आपल्या वेळेलाच यायचं. त्या गुणाचं तिला कौतुक होतं, का खोटं सांगा. घरी तोच गुण पोटच्या पोरीवर चालवला तेव्हासुद्धा मनात कुठेतरी वाटलं होतं, वा, कसं सफाईनं निभावलं.

"मग तू काय ठरवलंस?" सिस्टर विचारत होत्या.

ढमी जरा वेळ सलाईनच्या नळीतला थेंब बघत राहिली. "मी ठरवलं की डबा नाही खायचा. म्हणजे सगळा नाही असं नाही हं. पहिल्यांदा थोडा खाल्ला. मग बटाटा तेवढा खाल्ला. मग काहीच नाही. माझ्या शेजारची खाते माझं अंडं. तिला खूप आवडतं."

"आणि भूक?"

"भूक लागते. मग मी पाणी पिते. आणि मग आकडा कमी येतो." ती अगदी समजावणीच्या सुरात बोलत होती, जसं काही सिस्टर या धंद्यात नव्या आहेत. "कमी आला की लवकर बरी होणार ना मी. मग सुई बंद. मग आई रात्री उठून माझं बोट टोचणार नाही आणि मग आई झोपेल."

आईनं पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरला. त्याचा रंग एका जागी उडाला होता आणि तिथे कुण्या आधीच्या पोरानं नखानं कोरून मासा काढला होता. तिच्या डोक्यात नुसतं चाललं होतं, सुई घेऊन उपाशी. इन्सुलिन घ्यायचं आणि जेवायचं नाही! म्हणजे पोरगी रोज शाळेत विहिरीच्या काठावरून चालत जात होती आणि घरचे लोक कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. काल जर ती वर्गाऐवजी मधल्या सुट्टीत कुठल्या कोपऱ्यात, संडासात, जिन्याखाली पडली असती तर? पण वर्गात पडली. आणि वर्गाच्या बाईंनी घाबरून तोंडात पाणी ओतलं नाही, तिला कुशीवर वळवलं, गालाच्या आत ग्लुकोजची पेस्ट चोळली आणि मग फोन केला. हे बाईंना कुणी शिकवलं? याच सिस्टरनी. गेल्या थंडीत, ढमी पुन्हा शाळेत जाणार त्या आठवड्यात, आपल्या सुट्टीच्या दिवशी सिस्टर शाळेत जाऊन आल्या होत्या. फळ्यावर चित्रं काढून सगळ्या वर्गाला सांगून आल्या होत्या की आपली मैत्रीण थरथरायला लागली, घामाघूम झाली, उगाच चिडली, की धावत जाऊन बाईंना सांगायचं. काल धावत गेली ती तीच अंडंखाऊ पोरगी. आईच्या मनात आलं, त्या पोरीला जन्मभर अंडी खायला घालीन मी. तिचे डोळे भरून आले, आणि नवल म्हणजे त्यात दुःखापेक्षा दुसरंच काही जास्त होतं. आपल्या पाठीमागे आपल्याला नकळत किती माणसांनी हात धरून ठेवले होते! आणि आपण त्यांतल्या कुणाला धड थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं.

सिस्टर रागावतील असं तिला वाटत होतं. रागवायलाच हवं होतं, त्यांच्या जागी तिनं अशा आईला झाडून काढलं असतं. पण सिस्टरनी ढमीच्या मोकळ्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, "तू आईला झोप मिळावी म्हणून उपाशी राहिलीस. फार मोठं मन आहे बाई तुझं. पण तुला एक गुपित सांगू? तो आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क नाहीत. ती बातमी आहे. आत काय चाललंय त्याची बातमी. आता खायला हवं, का आता औषध हवं, का आता नुसतं खेळायला जा. बातम्या वाचणाऱ्या बाईला कुणी टाळ्या वाजवतं का?"

"नाही."

"आणि ओरडतं?"

"आमचे बाबा ओरडतात. टीव्हीला."

"बाबांशी बोलते मी," सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या.

ढमी हसली. मग हसणं तसंच तोंडावर ठेवून तिनं विचारलं, "पण मग मी बरी कधी होणार?"

सिस्टरनं मान वळवून आईकडे बघितलं. घाईनं नाही, ठपका ठेवूनही नाही. मग पुन्हा ढमीकडे. "चांगला प्रश्न आहे. हा तू आईला विचार. आई तुला खरं ते सांगेल. पण आधी मला तुझ्या आईशी थोडं काम आहे, नेऊ का तिला?" ढमीनं परवानगी दिली.

औषधांच्या खोलीत दोघी उभ्या राहिल्या. चारी भिंतींना कपाटं, एक बेसिन, खिडकीत कुणीतरी वाटीत लावलेलं मोड आलेलं रताळं. आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "सिस्टर, तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती." म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"सांगीन की," सिस्टर म्हणाल्या. "उत्तम सांगीन. रोजचंच आहे माझं. पण संध्याकाळी मी माझ्या घरी जाते आणि ती तुमच्याबरोबर तुमच्या घरी येते. उद्या तिला पुन्हा काही विचारावंसं वाटलं तर कुणाला विचारेल? जी खरं सांगते तिला. ती मी असून काय उपयोग?"

"तिला झेपेल?"

"उपाशी राहायचं झेपलं तिला."

सिस्टरनी नळ सोडून हात धुतले, कोपरापर्यंत, सवयीनं, आणि पुसता पुसता म्हणाल्या, "आधी तिलाच विचारा, तिला काय वाटतं ते. मग सांगा. थोडक्यात. आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. आई गप्प बसली की पोरं बोलतात हो, पण आयांना गप्प बसवायचं इंजेक्शन अजून कुणी काढलं नाही." आणि मग, "टाळ्यांचं मनाला लावून घेऊ नका. घरात टाळ्या वाजवायला माणसं आहेत, ही काय वाईट गोष्ट आहे? इथं अशीही पोरं येतात, की आकडा कितीही येवो, बघायला कुणी नसतं."

तिला वाटलं, या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं. पण तसं काही केलं नाही. म्हणाली, "तुमचे फार उपकार आहेत," आणि ते इतकं कोरडं, फोनवरचं वाटलं, की ती ओशाळली. सिस्टर रताळ्याला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "ते रताळं बघा कसं उठलंय."

तिनं जिन्यात जाऊन घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. तिनं सगळं सांगितलं, टाळ्या, डबा, अंडं, सगळं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सात वर्षांचं पोर ते. जन्मभर म्हणून सांगणार तिला? जन्म म्हणजे काय ते मला साठी उलटली तरी कळलं नाही." मग एकदम, "पण उपाशी राहिली गं माझी बाय. माझ्या हातचा डबा वाटून टाकत होती. सांग बाई, सांगून टाक. आणि हे बघ, टाळ्यांचं विचारलं तर सांग आजीनं सुरू केल्या. माझ्यावर घाल. माझ्यावर ती चिडत नाही." आणि ही बाई, जिच्याशी मिठावरून, पंख्यावरून, दार लावण्यावरून तिची रोज वाजायची, तिनं एवढं बोलून फोन ठेवून दिला. ती तिथेच जिन्यात उभी राहिली. सुरुवात कुणी केली होती ते सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांची स्मरणशक्ती भयंकर होती.

जिन्यातून वॉर्डापर्यंत जायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात तिच्या मनात ते बूट आले. ती स्वतः ढमीएवढी असताना आईनं तिला सांगितलं होतं, चल, नवे बूट घ्यायला जाऊ. बूट! ती उड्या मारत निघाली. आणि दुकानाच्या जागी निघालं एक पांढरं दार, त्यामागे दुसरं दार, त्यामागे तोंडावर धरलेलं रबराच्या वासाचं काहीतरी. जाग आली तेव्हा टॉन्सिल काढलेला घसा असा जळत होता की जणू निखारे गिळले, आणि पलंगाच्या पायथ्याशी बूट होते. लाल, चकचकीत, पट्ट्याचे. खरे बूट. आईनं खरोखरच आणले होते. ते तिनं कधी घातले नाहीत. आई म्हणायची, अगं घाल की, तुझ्यासाठी घेतलेत. ती नुसती बघायची. पुढे कितीतरी वर्षं आई चल म्हणाली की ती तीनदा कुठे म्हणून विचारायची, मग भाजी आणायला का जायचं असेना. आईवर तिनं पुष्कळ राग धरला. आज पहिल्यांदा तिला ती दुकानातली आई दिसली. आत पोर टेबलावर, आणि ही बाई रस्ता ओलांडून धावत जाऊन लेकीच्या मापाचे बूट मागतेय, दुकानदार रंग विचारतोय आणि हिला धड दिसत नाहीये. बिचारी! आपलं बोलणं खरं करायला धावली होती. तिला आईची इतकी माया आली, की आई असती तर तिनं आत्ता जिन्यातूनच फोन केला असता. पण ढमीच्या पायथ्याशी मात्र बूट ठेवायचे नाहीत, हे तिनं ठरवलं.

सिस्टरचं स्टूल तिथेच होतं. ती त्यावर बसली. खरंच ठेंगणं होतं, लेकीकडे मान वर करून बघावं लागत होतं. समोरच्या पलंगावर एक बाप आपल्या पोराला कागदाचं विमान करून देत होता आणि त्याला ते काही केल्या जमत नव्हतं.

"ढमे, तू विचारत होतीस ना, बरी कधी होणार. तुला काय वाटतं?"

"माझ्या वाढदिवसापर्यंत," ढमी लगेच म्हणाली. तिनं हिशेब करूनच ठेवला होता.

आईच्या जिभेवर ते मऊ शब्द येऊन उभेच होते, ओळीनं, सरावाचे. तिनं त्यांना जागा दिली नाही. "नाही राजा. वाढदिवसापर्यंत नाही. हा आजार जात नाही. तो तुझ्याबरोबरच राहणार. आपण त्याला नीट सांभाळायचं, सुई द्यायची, जेवायचं, खेळायचं, सगळं करायचं. पण तो जाणार नाही. मी तुला थोडे दिवस म्हणाले होते, ते खोटं होतं. मला तुला दुखवायचं नव्हतं म्हणून म्हणाले. पण खोटं होतं."

"मी मोठी झाले तरी?"

"मोठी झालीस तरी."

"म्हातारी झाले तरी?"

"म्हातारी झालीस तरी. आणि तू म्हातारी होणार आहेस. चांगली आजीएवढी म्हातारी होणार आहेस, सगळ्यांना मीठ कमी पडलं म्हणून सांगत बसणार आहेस."

ढमी हसली नाही. तिचा खालचा ओठ बाहेर आला, तान्ही असताना यायचा तसा. "तू खोटारडी आहेस," ती म्हणाली. आणि नळीचा हात सांभाळून, बाकीची सगळी भिंतीकडे वळली.

"हो," आई म्हणाली. आणि गप्प बसली.

आता बसा म्हणावं गप्प! आयुष्यात तिला इतकं जड काही उचलावं लागलं नव्हतं. ढमीची पाठ हलत होती. फ्रॉकच्या बटणांमधून पाठीचा कणा दिसत होता, एकेक मणका वेगळा. हात पुढे जात होता, ती मागे घेत होती. पुन्हा जात होता. शेवटी तिनं तो पलंगावर, लेकीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर ठेवून दिला, लागला तर लागावा असा. किती तऱ्हेची वाक्यं तिच्या मनात उठली! अगं पण, आणि काही नाही गं, आणि डॉक्टर नवीन औषध शोधतायत. ती सगळी तिनं गिळली. वॉर्डात कुणीतरी भांडी गोळा करत होतं. समोरच्या बापाचं विमान एकदाचं उडालं, दोन पलंग ओलांडून पडलं आणि कुणाचं तरी पोर ओरडलं. पाठ हलायची थांबली. पुन्हा हलली. आणि त्या गप्प बसण्यातच तिला हळूहळू काहीतरी विलक्षण हलकं वाटायला लागलं. ही माझ्यावर चिडलीय. समोरासमोर, तोंडावर, चिडलीय. आता ही माझं तोंड वाचत बसत नाहीये. हिला माझी काळजी करायची नाहीये आत्ता, हिला फक्त रडायचंय. तिला वाटलं, रड गं माझी बाय, हवं तेवढं रड. पोर जिवंत आहे, आपल्या हाताच्या वीतभर अंतरावर रडतंय, याहून माणसाला काय पाहिजे? तिनं कुणाकुणाचे आभार मानले त्या वेळात. शाळेतल्या बाईंचे, अंडं खाणाऱ्या पोरीचे, सासूबाईंचे, बूट घेणाऱ्या आपल्या आईचे, आणि ठेंगणं स्टूल ओढून बसणाऱ्या त्या बाईचे, जिनं सांगायचं काम तिलाच करू दिलं.

बऱ्याच वेळानं भिंतीकडून आवाज आला. चोंदलेल्या नाकाचा.

"म्हणजे मी डबा नाही खाल्ला तरी बरी होणार नव्हते?"

"नाही."

"लवकर पण नाही? थोडी पण नाही?"

"अजिबात नाही राजा."

मग ढमी वळली. तोंड सगळं चिकट झालेलं, केस गालाला चिकटलेले. ती आईकडे बघत राहिली, आईच्या तोंडावर काय आहे ते न शोधता, नुसतीच. मग उठून बसली, मोकळ्या हातानं नाक पुसलं, आणि इतक्या दिवसांचं ओझं खाली ठेवावं तसा तिच्या छातीतून एक लांब उसासा निघाला.

"आई," ती म्हणाली, "मला कधीची भूक लागलीय गं. खूप. खूप म्हणजे खूप."

आई स्टुलावरून अशी उठली की स्टूल आडवं झालं. बेल उशाशीच होती, ती दाबायचंही तिला सुचलं नाही. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून ती ओरडली, सगळे पलंग, सगळे बाप, विमान शोधणारं पोर वळून बघेल एवढ्यानं ओरडली, "सिस्टर! अहो सिस्टर, लवकर या! माझ्या ढमीला जेवायचंय!"